पंखे बंद केले आणि रॅक थंड झाला

दुसरा अंक सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती आणि रंगमंचाच्या डावीकडचे स्पीकर गप्प झाले. नटांनी आवाज चढवून प्रवेश निभावला, प्रेक्षकांनीही समजून घेतलं. मी मात्र विंगेत रॅकसमोर उभी होते आणि मला घाम फुटला होता. विदर्भातलं एक जुनं नाट्यगृह, मे महिना संपत आलेला. रॅकमधल्या चार अ‍ॅम्प्लिफायरपैकी सगळ्यात वरच्यावर ‘प्रोटेक्ट’चा लाल दिवा लागला होता. म्हणजे आतला हीटसिंक इतका तापला की जळून जाण्याआधी यंत्राने आपणहून आउटपुट तोडला. असं होऊ नये म्हणून त्या रॅकमध्ये हवेची नवी व्यवस्था आठवडाभर आधीच बसवली होती. बसवणारी मीच होते.

बंदिस्त कपाटात किंवा रॅकमध्ये ठेवलेली उपकरणं हवेने थंड कशी ठेवायची, हा माझा पीएचडीचा विषय. ते नाट्यगृह माझी ‘फील्ड केस’ होतं. या विषयात मी दोनदा सपशेल चुकले. एकदा तिथे, आणि त्याच्या आधी एकदा प्रयोगशाळेत. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर दोन्ही चुका उपयोगी पडतील. प्रयोगशाळेतली आधी सांगते, कारण उष्णता किती हे कळल्याशिवाय हवा किती हे कळत नाही.

आवाज जितका मोठा तितका अ‍ॅम्प्लिफायर जास्त तापणार, असं आपण सगळेच गृहीत धरतो. मीही धरलं होतं. क्लास एबी प्रकारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, म्हणजे जुन्या नाट्यगृहांत आणि भाड्याने साउंड देणाऱ्यांकडे अजून जे वजनदार डबे दिसतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत, गोष्ट वेगळी असते. पुरवठ्याचा व्होल्टेज ठरलेला असतो. स्पीकरला त्या क्षणी जेवढा हवा तेवढा द्यायचा आणि उरलेला फरक आउटपुट ट्रान्झिस्टरने स्वतःच्या अंगावर घ्यायचा. तो फरक गुणिले करंट, ही झाली उष्णता. आवाज अगदी बारीक असेल तर फरक मोठा, पण करंट नगण्य. आवाज पूर्ण असेल तर करंट भरपूर, पण लाटेच्या शिखरापाशी फरक जवळजवळ संपलेला. मधल्या आवाजाला मात्र दोन्ही बऱ्यापैकी असतात.

आकडे घालून बघू. हिशोब सोपा व्हावा म्हणून आदर्श क्लास बी धरू आणि साइन लाट देऊ. दोन चॅनेल, प्रत्येकी ५०० वॅट. पूर्ण ताकदीला कार्यक्षमता ७८.५ टक्के येते. १००० वॅट स्पीकरला गेले, १२७३ वॅट पुरवठ्यातून ओढले, डब्यात राहिले २७३. आता आवाज कमी करून आउटपुट साधारण ४० टक्क्यांवर, म्हणजे ४०५ वॅटवर आणा. इथे कार्यक्षमता ५० टक्के, म्हणून डब्यातही ४०५ वॅट. आवाज निम्म्याहून खाली आणला आणि उष्णता जवळजवळ दीडपट झाली! आणखी खाली, आउटपुट पूर्ण ताकदीच्या एक अष्टमांशावर आणला, तरी डब्यात ३२५ वॅट उरतात. पूर्ण आवाजापेक्षा अजूनही जास्तच.

हा एक अष्टमांश महत्त्वाचा आहे. संगीतात आणि बोलण्यात शिखरं उंच असतात, पण सरासरी खूप खाली असते. शिखरं जेमतेम कापली जाण्याच्या बेताला आवाज ठेवला तर सरासरी आउटपुट ढोबळमानाने एक अष्टमांश भरतो. म्हणूनच चांगल्या कंपन्या मॅन्युअलमध्ये ‘एक अष्टमांश पॉवर, पिंक नॉइज’ असं लिहून उष्णतेचा तक्ता देतात. खऱ्या संगीताची लाट साइन नसते, त्यामुळे वरचा आकडा थोडा खाली येतो. खऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सिग्नल नसतानाही थोडा करंट वाहतो, ट्रान्सफॉर्मरही तापतो, त्यामुळे तो परत थोडा वर जातो. क्लास डी मध्ये ही मधली टेकडी जवळपास सपाट होते, तो वेगळा विषय.

मी काय केलं होतं? प्रयोगशाळेत अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण ताकदीवर साइन लाटेने चालवून सहा आठवडे रीडिंग घेतली आणि प्रत्येक फाइलच्या नावात ‘वर्स्ट केस’ असं लिहिलं. प्रोग्रेस सेमिनारच्या आधी गाईडनी आलेख बघितले आणि एवढंच विचारलं, “हा वर्स्ट केस आहे हे कुणी ठरवलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आवाज वाढवत नेत उष्णतेचा आलेख काढणं हे अर्ध्या दिवसाचं काम, ते मी केलंच नव्हतं. वर आणखी एक गंमत, म्हणजे आता गंमत वाटते. स्पीकरऐवजी जोडलेले डमी लोडचे रेझिस्टर मी रॅकच्या पायाशीच ठेवले होते. नाट्यगृहात स्पीकरची उष्णता स्पीकरपाशी जाते. माझ्याकडे मात्र ती हजार वॅटची शेगडी बरोबर अ‍ॅम्प्लिफायरच्या नाकाखाली जळत होती. सहा आठवड्यांच्या त्या रीडिंगमधलं एकही माझ्या थिसिसमध्ये नाही.

तर, नाट्यगृहाचा हिशोब. चार अ‍ॅम्प्लिफायर, प्रत्येकी ३२५ वॅट, एकूण १३०० वॅट. ही उष्णता हवेने उचलून बाहेर न्यायची आहे. ४० अंशाच्या आसपास एक घनमीटर हवेचं वस्तुमान साधारण १.१३ किलो असतं आणि एक किलो हवा एक अंश तापायला सुमारे एक किलोज्यूल लागतो. हवा रॅकमध्ये शिरल्यापासून निघेपर्यंत १० अंशच तापावी असं ठरवलं, तर तासाला ४१० घनमीटर हवा लागेल. लक्षात ठेवायला सोपं सूत्र: वॅटना अंशांनी भागा आणि ३.२ ने गुणा, तासाला किती घनमीटर ते येतं. सीएफडीचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी पाकिटाच्या मागच्या बाजूवर हे करून बघावं. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात आणि उरलेल्या निम्म्यांत तुमचं सिम्युलेशन कुठे थापा मारतंय ते कळतं.

मी रॅकच्या छतावर हवा बाहेर फेकणारे १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसवले होते. कॅटलॉगमध्ये एकेकाचा आकडा तासाला १६० घनमीटर. दोन मिळून ३२०, अ‍ॅम्प्लिफायरचे स्वतःचे पंखे आहेतच, चालून जाईल, असा माझा विचार. पण कॅटलॉगमधला आकडा मोकळ्या हवेतला असतो, पुढे-मागे काहीही अडथळा नसताना. पंख्यावर जाळी आली, खाली फोमचा फिल्टर आला, रॅकच्या आत केबलींचं जंगल आलं की प्रवाह झपाट्याने पडतो. नंतर अ‍ॅनिमोमीटर धरून मोजलं तेव्हा दोन्हींचं मिळून १६० च्या आसपास भरलं. निम्मं. सगळी उष्णता एवढ्याच हवेने न्यायची म्हटलं तर ती हवा २६ अंशांनी तापून निघायला हवी.

पंखे छतावरच का, तर गरम हवा वर जाते म्हणून. हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. खरं आहे, पण किती खरं ते मोजून बघा. दोन मीटर उंच रॅकमध्ये आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांनी गरम असेल तर त्या ‘धुराड्या’चा दाब भरतो सुमारे ०.७ पास्कल. साधा पंखासुद्धा याच्या कितीतरी पट दाब देतो. पंखा नसलेल्या, नुसत्या पंख्यांविना तापणाऱ्या उपकरणांसाठी हा ०.७ पास्कलच सर्वस्व असतो, तिथे त्याची कदर करा. पण रॅकमध्ये पंखे फिरायला लागले की हवा कुठे जाणार हे पंखे आणि भोकं ठरवतात. ‘वर जाते’ हा नियम तिथे फारसा उरत नाही.

आणि भोकं मी सढळ हाताने दिली होती. छताच्या पंख्यांच्या लगेच खाली, समोरच्या बाजूला, जाळीची एक पट्टी लावली. जितकी जास्त जागा तितकी जास्त हवा, असं माझं गणित. खालच्या चार अ‍ॅम्प्लिफायरच्या मधे १यू, म्हणजे ४४.४५ मिलिमीटरची एकेक फट ‘श्वास घ्यायला’ सोडलेली होतीच. मागचं दार बंद, कारण विंगेत मुलं पळतात आणि कुणी केबल ओढायला नको. रॅक भिंतीच्या कोनाड्यात.

प्रयोग संपल्यावर साउंडचे काका आणि मी रॅकपाशी बसलो. काकांनी तीस-एक वर्षं हेच काम केलंय. त्यांनी नटराजासमोरची उदबत्ती उचलून आणली आणि वरच्या दोन अ‍ॅम्प्लिफायरच्या मधल्या फटीसमोर धरली. धूर आत ओढला जाईल अशी माझी अपेक्षा होती. तो बाहेर आला, माझ्या तोंडावर. आणि लगेच वळून वरच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढच्या जाळीत शिरला.

“मॅडम, हे तर उलटं होऊन राहिलं,” काका म्हणाले. मग उदबत्ती माझ्या त्या जाळीच्या पट्टीपाशी नेली. धूर सरळ आत आणि वर पंख्यात. “अन् तुमचे पंखे हितलीच हवा खाऊन राहिले. खालचं त्यांना काहून येईल?”

दोन हजारांचा अ‍ॅनिमोमीटर आणि आठ चॅनेलचा डेटा लॉगर माझ्या बॅगेत होता. उदबत्ती नव्हती.

धुराने जे दाखवलं त्याचा हिशोब घरी येऊन मांडला. हे अ‍ॅम्प्लिफायर पुढून हवा घेतात आणि मागे सोडतात. ३२५ वॅटवर हवा त्यांच्यातून जाताना १५ अंशांनी तापत होती, म्हणजे प्रत्येकाचा प्रवाह तासाला ६९ घनमीटर, चौघांचा मिळून सुमारे २७५. एवढी गरम हवा ते रॅकच्या मागच्या बंद जागेत ढकलत होते. छताचे पंखे बाहेर काढत होते फार तर १६०. मागचं दार बंद. मग उरलेली ११५ घनमीटर जाणार कुठे? समोरच्या फटींतून परत पुढे, आणि तिथून थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडात. वर छताचे पंखे त्या १६० मधलाही बराच भाग माझ्या जाळीतून खोलीची ताजी हवा ओढून पुरा करत होते, त्यामुळे परत येणारी हवा ११५ पेक्षा जास्तच असणार. वस्तुमान अक्षय्यता, बारावीतली.

आता ज्या आकड्यासाठी हे सगळं सांगितलं तो. मी आठवडाभर काय मोजत होते? रॅकच्या मधोमध लटकवलेलं एक थर्मोकपल, ‘रॅकचं तापमान’ म्हणून. असं काही नसतंच खरं तर. अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या तोंडाशी येणाऱ्या हवेचं तापमान कळतं, बाकी काही नाही. ट्रान्झिस्टरपासून हीटसिंकपर्यंत आणि हीटसिंकपासून हवेपर्यंत तापमानाचा चढ उष्णतेवर ठरतो. तो चढ जिथून सुरू होतो तो पाया म्हणजे आत शिरणारी हवा. ती १५ अंशांनी गरम असेल तर आतलं सगळंच जवळपास १५ अंशांनी वर सरकतं, ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर दोन्ही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं, हा ठोकताळा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना माहीत असेलच.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी एक आणि पाठीशी एक अशी आठ थर्मोकपल लावली. खोलीचं तापमान वेगळ्या थर्मामीटरवर, रॅकपासून लांब. खोलीत ३७ अंश. सगळ्यात खालच्याच्या तोंडाशी ३८, म्हणजे उत्तम. सगळ्यात वरच्याच्या तोंडाशी ५२, पाठीशी ६७. आता हे करून बघा: तोंडाशी खोलीपेक्षा किती जास्त, भागिले पाठीशी खोलीपेक्षा किती जास्त. १५ भागिले ३०, म्हणजे ०.५. वरचा अ‍ॅम्प्लिफायर जी हवा घेत होता तिच्यातली निम्मी रॅकनेच आधी वापरून सोडलेली होती. सूत्र दोन ओळींत सुटतं, स्वतः सोडवा. शिरणारी हवा म्हणजे ताजी आणि उष्टी यांचं मिश्रण, एवढंच धरायचं. परत येणाऱ्या हवेचा वाटा वाढतो तसं तापमान सरळ रेषेत वाढत नाही हेही त्यातून दिसेल. वाटा ०.३ असेल तर १५ अंशांच्या चढावर सुमारे साडेसहा अंश वाढतात, ०.५ ला १५, आणि दोन तृतीयांशला चक्क ३०.

हे गुणोत्तर मला सुचलं तेव्हा थोडा वेळ मी हवेत होते. मग लिटरेचर सर्व्हेत सापडलं की एचपी लॅब्जच्या शर्मा, बॅश आणि पटेल यांनी २००२ मध्ये डेटा सेंटरसाठी हेच मांडलंय, ‘सप्लाय हीट इंडेक्स’ या नावाने. सर्व्हर आणि अ‍ॅम्प्लिफायर, दोन्ही एकाच १९ इंची रॅकमध्ये बसतात. मी मात्र ऑडिओच्या बाहेरचं काही वाचलंच नव्हतं. वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही. उलट माझ्या केसला नाव मिळालं आणि तुलनेसाठी ढीगभर पेपर मिळाले.

दुरुस्तीला एक दुपार लागली. मागचं दार काढलं, त्याजागी केबलींना हात पोचणार नाही अशी मोठ्या भोकांची जाळी लावली. समोरच्या फटी हार्डबोर्डच्या पट्ट्या कापून बंद केल्या (नंतर काकांनी लोखंडी ब्लँक प्लेट आणल्या). पंख्यांखालची जाळीची पट्टी काढून तिथेही प्लेट. कोनाड्याच्या वरची प्लायवूडची फळी काढली, म्हणजे मागून निघालेली हवा कोंडून परत पुढे येणार नाही. आणि छताचे दोन्ही पंखे बंद. त्याच आवाजावर, खोलीत तेच ३७ अंश असताना, वरच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी ४० अंश आले. काकांना सगळ्यात आवडलं ते पंख्यांची घरघर गेली हे.

क्रम मात्र उलटा करू नका. मागची वाट न उघडता नुसत्या समोरच्या फटी बुजवल्या असत्या तर मागे दाब वाढून अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या पंख्यांचाच प्रवाह पडला असता. फटींबद्दलही सरसकट नियम करू नका. पंखा नसलेल्या आणि वरच्या बाजूने किंवा कडेच्या पंखांवाटे तापणाऱ्या उपकरणाला वर-खाली मोकळी जागा लागतेच. पुढून-मागे पंख्याने वाहणाऱ्याला ती लागत नाही, एकावर एक ठेवले तरी चालतात, आणि फट ठेवलीच तर समोरून बंद हवी. आपला कुठल्या प्रकारचा आहे हे मॅन्युअलमध्ये असतं. मॅन्युअल हरवलं असेल तर उदबत्ती आहे.

बऱ्याच जणांचा पुढचा प्रश्न असतो की एसीचा झोत रॅकवर सोडला तर? विदर्भातल्या मे महिन्यात चालेल. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात, हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांवर असताना, थंड झालेल्या धातूला दार उघडताच बाहेरची दमट हवा लागली की पाणी धरतं. खोली थंड ठेवा, रॅकवर झोत नको. फोमचे फिल्टर धुवा, एवढं सांगून धुळीचा विषय संपवते.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. एक अ‍ॅम्प्लिफायर बिघडला म्हणून दुसऱ्या कंपनीचा आणला. “मॅडम, हा तर मागून ओढून राहिला अन् पुढे फेकून राहिला. उदबत्ती लावून पाहिलं मी.” असे असतात. क्यूएससीच्या आरएमएक्स मालिकेतले अ‍ॅम्प्लिफायर मागून हवा घेऊन पुढे सोडतात, आणि सगळेच तसे असतील तर एकट्याने ती व्यवस्था चांगलीच आहे. पण पुढून-मागे वाहणाऱ्या तिघांमध्ये हा एक बसवला की तो त्यांची उष्टी हवा पितो आणि आपली त्यांच्या तोंडावर सोडतो. त्याला रॅकमधून काढून बाजूला वेगळ्या लहान फ्रेममध्ये ठेवायला सांगितलं. तिथे जागा नाही म्हणून काकांनी सध्या तो सगळ्यात खाली बसवलाय, आणि त्याच्या पाठीमागे वरच्यांची हवा अडवायला आडवा हार्डबोर्ड लावलाय. पुढच्या आठवड्यात थर्मोकपल घेऊन जातेय. काका म्हणाले, उदबत्ती मी आणतो.